शनिवार-रविवारच्या गोळ्या

सासूबाई पाचोडहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांचं हृदय कमजोर झालं होतं आणि माझा स्वभाव आधीपासूनच वाईट होता. त्यांच्या औषधांत डिगॉक्सिनची इवलीशी पांढरी गोळी होती. मी औरंगपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. कण्हेरीत जे विष असतं त्याच्याच गोतातलं हे औषध, तेही एका झाडाच्या पानांतून काढलेलं, असं मी मुलांना दरवर्षी सांगायचे. बेताचं दिलं तर थकलेलं हृदय सावकाश पण जोरानं चालतं, जरा जास्त झालं तर तेच अडखळतं. ही सगळी अक्कल मी फळ्यावरच ठेवून घरी यायचे.

पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी गोळी बाजूला सारली.

"डाक्टरनं शनवार-रईवार नाय घ्यायची म्हणून सांगितलंय."

शनिवारी त्यांचा उपास असे. मला वाटलं, देवाच्या नावानं औषध टाळतायत. "गोळीला कसली सुट्टी? बँकेत आहे का ती नोकरीला?" असं म्हणून मी समोर उभी राहून ती गिळायला लावली. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीतच होती. ती मी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

पुढे दर शनिवार-रविवारी हेच चाललं. तीन आठवड्यांत त्यांचं जेवण कमी झालं. उलट्या सुरू झाल्या. एका दुपारी ताटाकडे बघून म्हणाल्या, "भात पिवळा दिसतोय गं. हळद टाकली व्हय?"

"माझ्या हातचं नको असेल तर तसं सांगा," मी म्हणाले आणि ताट उचललं. या विषानं माणसाला सगळं पिवळं दिसू लागतं, हेही मी शिकवलेलं होतं.

दोन दिवसांनी त्या न्हाणीघरात कोसळल्या. नवऱ्यानं उचलून दवाखान्यात नेलं. नाडी चाळीसच्याही खाली गेली होती. डॉक्टरांनी पिशवीतली चिठ्ठी वाचली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि आमच्याकडे वळून विचारलं, "आठवड्यातून पाचच दिवस लिहिलंय. मग शनिवार-रविवारी कुणी दिली?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "म्याच घेतली. ध्यानात राह्यलं नाय."

माझ्यावरच्या मायेनं त्या खोटं बोलल्या, असं समजायला मला आवडलं असतं. पण त्यांना परत माझ्याच घरी यायचं होतं, माझ्याच हातचं खायचं होतं. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

आणि मी म्हणाले, "ऐकतच नाहीत हो कुणाचं."