फुकटची वेबसाइट आणि वैशालीचा फोटो

"वैशालीताईंची साइट आम्ही बघितली. तुमची आहे का? कमिटीला दाखवायचीय."

फोन पुण्याहून होता, मेळाव्याच्या कमिटीतल्या जाधव मॅडमचा. बेंबळीच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरलेला. स्वागत कमानी, स्टेजचा पडदा, बॅज, सगळं काम एकाच दुकानाला द्यायचं होतं. एवढी मोठी ऑर्डर वर्षातून एखादी येते.

"आहे की! परवा पाठवतो," मी ठोकून दिलं. साइट कुठली आलीय?

ढोकीत माझं फ्लेक्सचं दुकान. वैशाली माझ्याच दुकानात माउस धरायला शिकली. आता समोरच्या गाळ्यात तिचं दुकान, अन् वर वेबसाइट! उघडून बघितली. चार फोटो, एक नंबर, बाकी सगळं पांढरं. आमच्या धंद्यात एवढी मोकळी जागा सोडली तर गिऱ्हाईक म्हणतं, इथं अजून दोघं बसले असते की. पण साइट देखणी होती. खोटं कशाला बोलू, बघून अंगाचा तिळपापड झाला.

बायको म्हणाली, "अहो, जळता कशाला? तिलाच इचारा की, कसं केलं."

"म्या? तिला? जीव गेला तरी न्हाय!"

नेटवर एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. व्हिज्युअल म्हणतात त्याला. म्हणजे कोड लिहायचा नाही. फोटोचा खोका, मजकुराचा खोका, माउसनं ओढायचा अन् पाहिजे तिथं सोडायचा. फुकट म्हणून खाली त्यांची जाहिरात राहते, ती सोसायची. म्हटलं, हे तर आपलंच काम.

मग फ्लेक्स करतो तशीच साइट केली. भोवतीनं शुभेच्छुक. आपल्याकडं फ्लेक्सवर कुणाचा फोटो आला यापेक्षा कुणाचा राहिला, हे लोक आधी बघतात. म्हणून पेठेतले सगळे दुकानदार घेतले. मग वैशालीला वगळता येतंय व्हय? अख्खी पेठ म्हटली असती, बघा, जळतोय! कडू औषध आधी घ्यावं तसा तिचाच फोटो पहिल्यांदा घेतला, बारीक केला अन् खालच्या कोपऱ्यात ढकलला. मग बाकीचे. शेवटी मधोमध मी, हात जोडून, सगळ्यात मोठा. प्रत्येक फोटोला लिंक दिली. म्हणजे फोटोवर बोट लावलं की त्या माणसाला फोन लागतो. वैशालीच्या साइटवर ही सोय नव्हती. लई गार वाटलं.

साइट पाठवली. मॅडमचा फोन काही येईना. दुसऱ्या दिवशी वैशालीच रस्ता ओलांडून आली.

"काका, मेळाव्याची ऑर्डर मला मिळाली."

"बरं झालं," मी म्हणालो. बरं कसलं!

"पण फोन तुमच्या साइटवरनं आला."

तिनं तिच्या मोबाइलवर माझी साइट दाखवली. उघडल्या उघडल्या वैशाली. स्क्रीनभर, हसरी. मी बोटानं वर सरकवत गेलो. किराणावाले गेले, हॉटेलवाले गेले, खतवाले गेले. मी पार तळाला, त्या जाहिरातीला चिकटून.

झालं होतं असं. कम्प्युटरचा स्क्रीन आडवा, मोबाइलचा उभा. मोबाइलवर हे सॉफ्टवेअर सगळे खोके एकाखाली एक लावतं, आपण घेतले त्या क्रमानं. बारीक केलेला फोटोसुद्धा रुंदीभर ताणतं. मी बघितली ती फक्त कम्प्युटरवर. कमिटीनं बघितली मोबाइलवर.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, समोरचा दुकानदारच तुमचा फोटो सगळ्यात वर लावतो, मग आम्ही अजून काय बघायचं? तिथंच बोट लावलं, मला फोन लागला."

मी माउस धरला अन् साइट उघडायला लागलो. कप्पाळ माझं!

"काका, फोटो काढू नका बरं का," ती जाता जाता म्हणाली. "लोक उगं काहीबाही म्हणतात."

काढला नाही. क्रम तेवढा बदलला.

तेव्हा साइट कुठंही करा, पण पाठवायच्या आधी मोबाइलवर उघडून बघा. मी आता रोज बघतो. आधी तिची, मग माझी.