दादाचं इंजिन

लोकांचा राग नाकावर असतो, माझ्या दादाचा हातात असायचा. रेडिओ खरखरला की त्याला रट्टा, दार अडकलं की लाथ, आणि दुसरं काही सापडलं नाही तर मी होतोच. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, हे मान्य. पण वाढवताना इतकं बडवलं, की मी उंच झालो की नुसता सुजलो, हे कळायला मार्ग नव्हता. वहिनीवर त्याने एकदाच हात उगारला होता. तिने हातातली पळी त्याच्या कपाळात हाणली आणि तो विषय तिथेच मिटला.

इंजिनाला मात्र त्याने कधी वाकडं बोट लावलं नाही. आमची लाकडाची वखार. मागे पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा आरा. दादा रोज ते पुसायचा, तेल बघायचा, हँडल मारताना "चल बाळा, चल" म्हणायचा. मला जन्मात कधी बाळा म्हणाला नाही. त्या धडधडीशेजारी उभं राहून राहून त्याचे कान निम्मे गेले होते. हळू बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि मोठ्याने बोललं की आपण भांडतोय असं समजून तो अंगावर यायचा.

शेवटी मी वेगळं व्हायचं ठरवलं. फर्निचरच्या कारखान्यात आरा चालवायचं काम मिळालं होतं. उजव्या हाताची सफाई बघून मालकाने लगेच हो म्हटलं होतं, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मी हे घरी सांगितलं आणि नेमकं दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या डिझेलमध्ये पाणी निघालं. दादाने माझ्याकडे असं बघितलं, की न केलेला गुन्हा मी कबूलच करणार होतो. त्याने टाकी धुतली, नवं डिझेल भरलं, टाकीच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक ताणलं आणि वरून झाकण घट्ट पिळलं. त्यावर तार बांधून कुलूप ठोकलं. किल्ली त्याच्या खिशात.

शनिवारी इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. थोडा वेळ झकास चाललं, मग उचकी लागल्यासारखं अडखळलं, पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. दादाने कुलूप काढून टाकीत बघितलं. डिझेल भरपूर होतं, पाण्याचा थेंब नव्हता. त्याने पुन्हा सगळं लावलं, पाइपमधली हवा काढली, हँडल मारलं. चाललं. पुन्हा उचकी, पुन्हा धूर, पुन्हा बंद. फिल्टर बदलून झाला, नोझल काढून पुसून झालं. दर वेळी तो झाकण उपटून आत बघायचा, दर वेळी इंजिन सुरू व्हायचं आणि दर वेळी मान टाकायचं. शेडमध्ये धुराने डोळे उघडेनात. "अहो, झाकण काढताना सुस्स आवाज येतोय बघा," दारातून वहिनी म्हणाली. दादाला ना तो आवाज ऐकू आला, ना तिचा.

मी आऱ्यापाशी उभा होतो, म्हणजे इंजिनाला सगळ्यांत जवळ. दादाला तेवढं पुरलं.

"काय केलंस?"

"मी कशाला काय करू? त्याला डिझेल पोचत नाहीये."

"टाकी तुडुंब आहे, आंधळ्या! जायचंय ना तुला? मग मला भिकेला लावूनच जायचंय का?"

"दादा, तुझी शपथ—"

लोखंडी हँडलचा पहिला घाव खांद्यावर आला. पडता पडता मी उजव्या हाताने आऱ्याच्या टेबलाची कड धरली. दुसरा त्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, काटकी मोडते तसा. तिसराही तिथेच बसला. मी गुरासारखा ओरडलो. त्या क्षणी तो मरावा असं मला वाटलं, आणि ते अगदी मनापासून वाटलं.

वहिनी धावत आत आली. माझ्याकडे नाही, टाकीकडे गेली. "ओतूनच टाकते हे डिझेल! दोघं मरा एकदाचे!" रागाच्या भरात दादा कुलूप घालायला विसरला होता. तिने झाकण फिरवून काढलं. सुस्स! खालचं प्लॅस्टिक टाकीच्या तोंडात वाटीसारखं खोल ओढलं गेलं होतं. आतापर्यंत दादा झाकणाबरोबरच ते उपटत होता, म्हणून त्याला दिसलं नव्हतं.

तो बघतच राहिला. इंजिन डिझेल ओढतं तेव्हा टाकीत वरून हवा शिरावी लागते, म्हणून झाकणाला बारीक भोक ठेवलेलं असतं, आणि तेच त्याच्या प्लॅस्टिकने बुजवलं होतं. मला हे त्यानेच शिकवलं होतं. त्याने प्लॅस्टिक फाडून फेकलं, पाइपमधली हवा काढली आणि त्याच हँडलने इंजिन सुरू केलं. आता ते अडखळलं नाही. धूरही विरला. मी हात पोटाशी धरून बसलो होतो आणि ते चालत होतं, चालतच होतं.

मग दादा माझ्यापाशी आला. आपला उजवा हात त्याने टेबलावर पसरला, हँडल माझ्या डाव्या हातात दिलं आणि इंजिनाच्या वरताण ओरडला, "मार!"

"भाऊजी, नको," वहिनी म्हणाली.

मी मारलं. सगळा जीव एकवटून मारलं. तो गुडघ्यांवर आला, पण हात त्याने काढून घेतला नाही, म्हणून पुन्हा मारलं.

सोमवारी मी कारखान्यात गेलो नाही. दोघांचीही बोटं वाकडी जुळली, मूठ वळत नाही. आरा आता वहिनी चालवते आणि आमच्यापेक्षा सरळ कापते. आमच्याकडे हमाली. धड हात प्रत्येकी एकच, त्यामुळे फळीचं एक टोक दादा उचलतो, दुसरं मी. त्याने सोडलं तर ती माझ्या पायावर, मी सोडलं तर त्याच्या, म्हणून चालताना नजर एकमेकांवरच ठेवावी लागते. ज्या माणसापासून मला सुटायचं होतं, त्याचं तोंड मी आता दिवसभर बघतो.