गैरहजर राजाची तरफदारी

लेकीला शाळेत निबंध होता: धर्मयुद्धावर निघून गेलेला इंग्लंडचा राजा चांगला होता का? माझ्या तर तो पहिल्या पानापासूनच डोक्यात गेला. दहा वर्षं राज्य, आणि देशात जेमतेम सहा महिने! कारभार सगळा प्रधानाच्या हाती. हा प्रधान राजाच्या मोठ्या शिक्क्याऐवजी स्वतःचाच शिक्का मारून हुकूम काढायचा, आणि लोकांनी ते राजाचे म्हणून मुकाट पाळायचे. शेवटी सरदारांनीच त्याला हाकलून लावलं.

सोफ्यावर माझे अब्बा बसले होते. कतारच्या याच दोहा शहरात क्रेन दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटवर ते व्हिजिट व्हिसावर, पाहुणे म्हणून आले होते. मी लेकीला समजावत होते ते ऐकून म्हणाले, "त्या राजाची काय चूक? बिचारा लांब होता."

माझं डोकंच फिरलं.

माझ्या लहानपणी अब्बा गावाला येणाऱ्या कोणाबरोबर तरी आवाज भरलेली कॅसेट पाठवायचे. टेपरेकॉर्डर चाचांच्या खोलीत. चाचा आधी दार लावून एकटेच ऐकायचे, मग बाहेर येऊन अब्बांचा निरोप सांगायचे. घरात तशी रीतच होती; अम्मीनेही कधी कॅसेट मागितली नाही. मी दहावी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, रत्नागिरीच्या कॉलेजची स्वप्नं बघत होते. चाचा दार उघडून म्हणाले, "भाईनी सांगितलाय, आता शिक्षण खलास." तेव्हापासून मी अब्बांचा राग राग केला.

आज तो सगळा त्यांच्यासमोर ओकले. अब्बा चक्रावले.

"मी असा कधी बोललोच नाय. मी बोललो होतो, पोरीला शिकवा."

मला रडूच फुटलं. शिकवा म्हणाले होते!

लेक पुस्तकात बघत म्हणाली, "मम्मी, किंग परत आला ना, तरी त्याने त्या हाकललेल्या प्रधानाला पदावरून काढलं नाही. ही केप्ट हिम!"

मी डोळे पुसले. "अब्बा, त्यानंतर तुम्ही सुट्टीवर आलात, तेव्हा मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. कॉलेजला का जात नाहीस, एवढंही विचारलं नाहीत. चाचांसाठी मात्र घड्याळ आणलंत."



"सो, गुड किंग ऑर बॅड?" लेकीने विचारलं.

"नानांनाच विचार," मी अब्बांकडे बोट दाखवलं.

"वाईट लिही," अब्बा म्हणाले. मी तिला थांबवलं नाही.