नंदूचा टेम्पो आणि काकूंची हाक

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळात चार माणसं चहाला जमली आणि कुणी खिडकीबाहेर बघून "स्नो पडणार वाटतं!" म्हणालं, की झालं! नंदूच्या ट्रकचे किस्से सुरू. दर हिवाळ्यात त्यांत भर पडते, जुना मात्र एकही कमी होत नाही.

नंदू मूळचा नागपूरचा, आयटीवाला. गणपतीचं मखर, मंडळाची पातेली, सतरंज्या न्यायला त्यानं सेकंडहँड पिकअप ट्रक घेतला. ऐटीत दाखवायला आणला, तर मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ कुलकर्णी काकू म्हणाल्या, "कसला ट्रक रे! टेम्पो आहे हा." तेव्हापासून टेम्पोच!

*

पहिल्या मोठ्या स्नोत टेम्पो मंडळाच्या हॉलच्या चढावर रुतला. आम्ही ढकलायला सरसावलो, तर हा बाबा टायरची हवा सोडायला बसला! गेज लावून, थोडी थोडी, चारही टायरमधून सारखी.

"टायर जरा पसरला की पकड येते," म्हणाला.

काकू शाल गुंडाळून दारातून ओरडल्या, "नंदू, टेम्पोत हवा नाही रे!"

"मीच काढली, काकू!"

"मग भर की मेल्या!"

टेम्पो मात्र चढ चढला. पुढे स्नो पडला की काकूंची ही हाक ठरलेली. ती आल्याशिवाय नंदू गाडी हलवायचाच नाही.

*

नंदूचा नियम होता: हवा काढली की हळू चालवायचं, आणि मोठ्या रस्त्याला लागण्याआधी कंप्रेसरनं परत भरायची. कुलकर्णी काका शेजारी बसून पहारा द्यायचे. "मोठा रस्ता आला. भर!" जेवण थंड होवो, पाहुणे ताटकळोत, सुटका नाही!

एका संक्रांतीला तिळगूळ आणि वाण घेऊन आम्ही नंदूच्या घरी हळदीकुंकवाला निघालो. नंदूनं हवा काढली, आणि मग कळलं की कंप्रेसर गाडीत नाही. त्याच्या बायकोनं, मेधानं, तो फुगे फुगवायला नेला होता! काका मोठ्या रस्त्याला जाऊ देईनात. मग काय, गल्लीबोळांतून मुंगीच्या पावलांनी घरी. एक गोरी आजीबाई कुत्र्याला फिरवत आम्हाला ओव्हरटेक करून गेली. कुत्रं दर खांबापाशी थांबत होतं, तरी!

घरी काकूंनी आधी फुगे पाहिले, मग टेम्पो. "मेधा, हे फुगेच लाव गं त्याला!"

*

नंदूची लेक इरा इथेच जन्मलेली. ती ड्रायव्हिंग शिकत होती. काकांनी परीक्षा घेतली, "स्नोमध्ये निघताना पहिलं काय करायचं?"

"काकूला बोलवायचं, ओरडायला!"

*

मग काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग माणसं, मग काकासुद्धा. केअर होममध्ये ठेवावं लागलं. या हिवाळ्यात तर बोलणंच थांबलं. काका रोज दुपारी बसनं वरणभात घेऊन जातात, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचा घास त्या घेत नाहीत.

परवा स्नो पडला. बस बंद, मोठा रस्ता बंद. काकांनी नंदूला फोन केला, "ती उपाशी राहील रे."

नंदू लगेच टेम्पो घेऊन आला. मी डबा मांडीवर घेऊन मागे बसले. खेड्याकडच्या अरुंद रस्त्यावर नंदूनं उतरून हवा काढली. ओरडायला कुणी नव्हतं. आम्ही तिघंही उगाच थोडा वेळ थांबलो. फार वाईट वाटलं.

पोचलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. काका भरवत होते, त्या मुकाट गिळत होत्या. एव्हाना मोठा रस्ता सुरू झाला होता, म्हणून खाली नंदूनं कंप्रेसर काढला आणि टायरपाशी वाकला.

काकूंनी काकांचा हात बाजूला सारला. काचेला नाक लावलं.

"नंदू, टेम्पोत हवा नाही रे!"

काका घास हातात धरून तसेच राहिले. मग त्यांनी धडपडत खिडकी उघडली आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"नंदू! थांब! एवढ्यात भरू नकोस!"