खोबरेलाची बाटली

उन्हाळी काकडीचं बी मातीत कधी टोकायचं, हे आमच्या घरात माझी बायको खोबरेलाच्या बाटलीवरून ठरवायची. थंडीत कोनाड्यातलं तेल थिजून दगड व्हायचं. शिवरात्रीच्या सुमाराला ती पहाटे उठली की आधी बाटली आडवी करून बघायची. तेल हललं की म्हणायची, "आता भुई उबली." मग काकडी, दोडका, गवार, सगळं तिच्याच हातानं. तिच्या हाताला गुण आहे असं आमची सगळी आळी मानायची. शेजारच्या बाया आपल्या वाफ्यात पहिलं बी तिच्याकडून टाकून घ्यायच्या.

मी चेष्टा करायचो. "तेलाला रानातलं काय कळतंय?"

"तुमच्यापरीस जास्त कळतंय," ती म्हणायची.

मोठ्या दुष्काळातला माघ होता. विहीर बुडाला गेलेली. पाडव्यापुढं पाणी पुरेल असं दिसेना. मी म्हणालो, आत्ताच टोक, विहीर आटायच्या आत चार काकड्या तरी पोरांच्या तोंडात पडतील.

ती म्हणाली, "गार भुईत बी कुजतं. माझ्या आईकडनं आणल्यालं बी हाय, यवढंच हाय. थांबा की जरा."

मला थांबवेना. दुसऱ्या दिवशी ती पहाटे हंडा घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा मी बाटली चुलीच्या कोमट राखेत ठेवली. तेल पातळ झालं तशी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कोनाड्यात परत. ती आली, हंडा उतरवला, बाटली आडवी केली.

"अगं बाई. काल तर दगड हुतं."

"वारं फिरलंय," मी म्हणालो.

तिनं परत एकदा हलवून बघितलं आणि लुगड्याच्या गाठीतून बी काढलं. माझ्यावर विश्वास टाकला, का पोरांची तोंडं बघून टाकला, कोण जाणे. दोन्ही वाफे तिनं बसून टोकले. मी मागनं पाणी दिलं, ते पण हात राखून.

थंडी काय हटली नाही. कोंब येईनात तशी तिनं बोटानं माती उकरली. बी मऊ पडलेलं, चिमटीत धरलं तर चिखल. ती सगळा वाफा उकरत गेली.

माझी आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "हाताचा गुण गेला गं तुझ्या."

मी तेव्हा जेवत होतो. एका वाक्याचं काम होतं. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली.

आईचं बोलणं आळीभर झालं. बाया बी घेऊन यायच्या बंद झाल्या. दोष कुणी लावला नाही, फक्त कुणी बोलावलं नाही. पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. कुणाकडनं तरी मागून आणलेलं बी तिनं माझ्या हातावर ठेवलं. "तुमीच टाका. माझं ऱ्हाऊ द्या."

"येडी का काय तू?" मी म्हणालो. पण टाकलं मीच. काकडी मस्त लागली. आई म्हणाली, माझ्या लेकाच्या हाताला गुण आहे. बायको वाफ्यात गवत काढत होती, तिनं ऐकलं.

त्यानंतर मरेपर्यंत तिनं बी टोकलं नाही. बाटली मात्र बघायची. आडवी करायची आणि मला सांगायची, हललं.

ती दिवाळीनंतर गेली. परवा सून वाफा करत होती. तिनं विचारलं, "मामा, आत्याबाई सगळं करायच्या, मग बी का टाकत नव्हत्या?"

मी म्हणालो, "कंबर दुखायची तिची."

सून बरं म्हणाली आणि कामाला लागली. आज पहाटे बाटली आडवी केली. तेल हललं. सांगायला कुणी नव्हतं. बी खिशात घालून वाफ्यावर जाऊन बसलो, ऊन डोक्यावर आलं तरी एक बी टाकलं नाही. मग सुनेला हाक मारली आणि म्हणालो, "बस इथं. कंबरेचं खोटं सांगितलं तुला."