बटणं आधी कोणी काढली

आमच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी मी कामाच्या सोयीसाठी चार खणांत वाटल्या आहेत. चार्जिंग होत नाही. आवाज येत नाही. काच फुटली. आणि चौथी, अलीकडच्या वर्षांतली: "बटनं गेले." मागे जायचं, पहिल्या पानावर जायचं आणि उघडलेली ॲप दाखवायचं अशी तीन बटणं स्क्रीनच्या तळाशी असायची. नव्या फोनात, किंवा जुना अपडेट झाला की, ती दिसेनाशी होतात. त्याऐवजी बोट सरकवायचं असतं. खालून वर सरकवलं की पहिलं पान, कडेवरून आत सरकवलं की मागे. कंपन्या याला जेश्चर म्हणतात. बाजाराच्या दिवशी बाभुळगावात येणारी माणसं याला फोन बिघडला म्हणतात.

दुकान सासऱ्यांचं. त्यांच्या काळी तिथे घड्याळं दुरुस्त व्हायची, मग रेडिओ, मग मोबाईल. सासरे गेल्यापासून गल्ल्यावर आमचे हे बसतात, दुरुस्तीच्या टेबलावर धाकटे दीर, आणि साठा, हिशेब, वॉरंटीचे कागद माझ्याकडे. गल्ल्यावर बसणाऱ्याला गाव मालक म्हणतं. यवतमाळहून माल घेऊन येणारा माणूसही त्याच्याशीच बोलतो. टेबलावर बसणाऱ्याची मान मात्र दिवसभर खाली असते, आणि लोकांना त्याचा फक्त भांग दिसतो.

दिवाळीपासून भाऊजी म्हणत होते, आळीपाळीनं बसू. आमचे हे म्हणायचे, "गल्ला काय संगीत खुर्ची हाय का?" बोलणं तिथेच थांबायचं. पण एक दिवस जावेनं मला भाजी निवडता निवडता सहज विचारलं, नवीन गॅस घ्यायला कोणते कागद लागतात. मी कागद सांगितले. नवीन गॅस म्हणजे वेगळी चूल, हे मला तेव्हाच कळलं. भाऊजींनी बसस्टँडजवळ एक गाळा आणि त्यामागची खोली पाहून ठेवली होती. ते गेले असते तर आमच्या दुकानातली दुरुस्ती गेली असती आणि नुसत्या कव्हर-काचांवर दुकान चाललं नसतं. घराचं तर त्याहून अवघड. सासूबाईंना लकवा झालेला. सकाळचं त्यांचं सगळं जाऊ करते, संध्याकाळचं मी.

अशात तो बाजाराचा दिवस आला.

गावापलीकडच्या तांड्यावरचे एक काका आमचे जुने गिऱ्हाईक. स्वतःची तूर-सोयाबीन, बोलणं संथ, घाई कधीच नाही. त्यांनी नवा कोरा फोन काउंटरवर ठेवला.

"नातवानं पुण्याहून पाठवला. पैसे पुरे घेतले अन् बटनं काढून घेतले. कोनं काढले असतीन?"

हे काही उत्तर मिळावं म्हणून विचारलेलं नव्हतं. पण भाऊजी टेबलावरून म्हणाले, "काका, बटनं आता नाई गेले. लय आधी गेले. एक काळा फोन आलता आपल्याच दुकानात. त्याले समोरून एकबी बटन नव्हतं. सगळं बोट सरकवूनच."

"तो कोन धरते?" गल्ल्यावरून हे म्हणाले. "बटन काढलं त्या महागड्या कंपनीनं. तिनं काढलं म्हनून जगानं काढलं. तुह्या काळ्या फोनाचं नाव तरी याद हाय का कोनाले?"

"मले हाय."

"तुलेच राहीन. तुह्याशिवाय घेतला कोनं होता?"

काउंटरशी उभी असलेली माणसं हसली. ते खरंच होतं. भाऊजी नवीनच दुकानात बसू लागले होते तेव्हा त्यांनी हट्टानं तो एक फोन मागवला. कोणी घेतला नाही. शेवटी ते स्वतःच वापरत राहिले, बंद पडेपर्यंत. आमच्या घरात तो फोन थट्टेचा विषय होता.

भाऊजींनी सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवली. "कोनं घेतला नाई म्हनजे कोनं बनवला नाई, असं होते का दादा? पयले कोनं केलं हा सवाल हाय. जास्त कोनं इकलं हा नाई."

"इकलं तोच पयला. बाकी टेबलावर बसूनच पयले."

हसणं थांबलं. मी मधे पडले, म्हटलं, "काका कवाचे उभे हायत, आधी त्यायचं पाहा." कोणी ऐकलं नाही. भाऊजी उठून काउंटरपाशी आले होते.

"लाव शर्त," ते म्हणाले. "जो चूक निघन त्याचा गल्ल्यावरचा हक्क गेला. जलमभरासाठी. मी चूक निघालो तं आपला गाळा पाहीन, तुले पुन्हा तोंड दाखवनार नाई."

"अन् मी निघालो तं उठतो. आताच उठू का?"

"पुढच्या बाजारी उठ."

हातावर हात पडला. काकांनी आपला हात दोघांच्या हातांवर ठेवला. आमच्याकडे बाजारात चारचौघांसमोर शर्त लागली की ती बोललेली गोष्ट राहत नाही, घातलेली गाठ होते. ती सोडायला गेलं तर माणूस गावभर त्याच गाठीच्या नावानं ओळखला जातो. काका म्हणाले, "मी साक्षी. पुढच्या बाजारी येतो. तवरोक माह्ये बटनं राहू द्या तसेच."

फोन न दुरुस्त करता ते निघून गेले. तीन बटणं परत आणायचं काम सेटिंगमध्ये चहा निवायच्या आत होणारं आहे. आम्हा तिघांनाही ते येतं. त्या दिवशी ते कोणालाच सुचलं नाही.

पुढचे दिवस घरात ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली गेली. भाऊजी आधी जेवून जायचे, हे उशिरा यायचे. जाऊ आणि मी पोळ्या लाटताना फक्त पिठामिठाचं बोलायचो. मला अडचण आली की यादी करायची सवय आहे. यादी केली की अडचण कमी होत नाही, पण तिचे कोपरे दिसतात. मी वाटणीची यादी करायला बसले. इन्व्हर्टर, फ्रिज, दुकानातली दोन कपाटं, दुरुस्तीची हत्यारं. हे इकडे, ते तिकडे. मग सासूबाईंची खाट आली. तिच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. मी कागद घडी करून चुलीजवळच्या डब्याखाली सारला.

भाऊजींनी मला नळावर गाठलं.

"वयनी, तो काळा फोन दादानं भंगारात देला ना?"

"नाई. माह्याजवळ हाय."

ते बघतच राहिले. दुकान रंगवलं तेव्हा ह्यांनी सगळे मेलेले फोन द्यायला काढले होते. त्यातले काही मी एका स्टीलच्या डब्यात ठेवले आणि वर पट्टी चिकटवली, 'बंद, पण फेकायचे नाहीत'. कामाला येतील असं वाटलं म्हणून नाही. भाऊजींनी त्यावर पहिल्यांदा मला माझ्या माहेरचे फोटो दाखवले होते.

"मंग मले द्या."

"आता नाई. बाजाराच्या दिवशी मी काउंटरवर ठेवीन. दोघायसमोर."

"तुम्ही माह्या बाजूनं हा का दादाच्या?"

"मी दुकानाच्या बाजूनं हावो."

"दुकान कोनाचं, तेच तं ठरून राह्यलं," असं म्हणून त्यांनी बादली उचलली.

ह्यांनी तर तेवढंही विचारलं नाही. चहा घेताना म्हणाले, "चालू होते का तो?"

"पाह्यला नाई."

"नाई झाला तं बरंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे. मी काही करायची गरजच नव्हती. डबा उघडायचा नाही, फोन चार्जिंगला लावायचा नाही, बस. बाजाराच्या दिवशी मेलेला फोन ठेवला असता तर शर्तीतला अर्धा वाद तिथेच संपला असता, आणि गल्ला आमच्याकडे राहिला असता. पण भाऊजी गाळ्यात गेले असते ते आम्ही फोन मारला असं समजून, आणि तसं मन घेऊन गेलेला माणूस आईची खाट उचलायला परत येत नाही. मी फोन चार्जिंगला लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. त्याची चार्जिंगची जागा आधीपासून सैल होती, म्हणून वायर एका कोनात धरून वर पाटा ठेवला. दुपारी स्वयंपाकघरातून आले तेव्हा काळ्या काचेवर एक बारीक पांढरी खूण दिसत होती.

ह्या सगळ्या दिवसांत हे जेवण झालं की अंगणात खुर्ची टाकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसत. काय बघता म्हणून मी विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी काका सकाळीच आले. पटक्याचं टोक खांद्यावर टाकून स्टुलावर बसले. शर्तीची बातमी आधीच पसरलेली होती. ज्यांना काही घ्यायचं नव्हतं अशीही माणसं कव्हरं चाचपत उभी होती. मी काळा फोन आणून काउंटरवर ठेवला.

भाऊजींनी काचेवर दोनदा टिचकी मारली. स्क्रीन उजळली. तारीख कुठल्या कुठे होती. त्यांनी फोटो उघडले, मग अंगठा कडेवरून आत नेला. फोटो सरकून गेले आणि पहिल्या पानावरची ॲपची चित्रं समोर आली. त्यांनी पुन्हा तेच करून दाखवलं, या वेळी फोन ह्यांच्याकडे वळवून.

"पाह्य. बटन दाव याच्यावर."

ह्यांचा चेहरा उतरला नाही, हे पाहून मला जास्त भीती वाटली. त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला.

"तुहा पयला नाई," ते म्हणाले. "हे पाह्य."

त्यांनी एक व्हिडिओ लावला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, बुटका फोन. खालून ओढला की अक्षरांची बटणं बाहेर येणारा. पण स्क्रीनच्या खाली एक कोरी काळी पट्टी होती, आणि कोणाचं तरी बोट त्या पट्टीवरून डावीकडे गेलं की फोन मागे जात होता. पट्टीवरून वर गेलं की उघडलेल्या गोष्टी पत्त्यांसारख्या लहान होऊन ओळीनं उभ्या राहत होत्या.

"हा तुह्या काळ्याच्या आधीचा. त्या कंपनीचं आता नावबी नाई उरलं. पन आधी हाय. शर्त पयल्याची होती. चूक निघाला तू."

भाऊजींनी मोबाईल हातात घेतला आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. पूर्ण पाहिला. मग मोबाईल ह्यांच्या हातात दिला.

"बरोबर हाय. माहा पयला नाई."

ते टेबलाकडे गेले आणि आपली हत्यारं पेटीत भरायला लागले. चिमटा, बारीक पेचकस, ब्लेड. एकेक पुसून.  मला वाटलं, डब्याखालचा कागद आता बाहेर काढावा लागणार.

"अन् तुमचा?" काका म्हणाले.

"माहा काय?" हे म्हणाले.

"तुमच्या महागड्या कंपनीनं बटन काढलं ते या गोट्याच्या आधी का मंग?"

ह्यांनी मोबाईल उलटा करून काउंटरवर ठेवला. आठवडाभर ते अंगणात बसून भावाला चूक ठरवायचा पुरावा शोधत होते, आणि तो त्यांनी बरोबर शोधलाही होता. त्याच पुराव्याखाली आपणही सापडतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग," शेवटी ते म्हणाले. "नंतर. लय नंतर."

"म्हनजे दोघंबी चूक." काकांनी हे तूर चाळल्यासारखं सावकाश सांगितलं. "शर्त काय होती, जो चूक निघन त्याचा हक्क गेला. दोघायचा गेला. मी साक्षी हावो."

मागून कोणीतरी हसलं आणि मधेच गप्प झालं. भाऊजींचा हात पेटीवर तसाच राहिला. हे खुर्चीत बसून होते. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते, म्हणून मला फक्त त्यांचे कान दिसत होते, लाल झालेले. ते म्हणू शकले असते की ही शर्त अशी नव्हती. म्हणाले असते तर गल्ला हाती राहिलाही असता कदाचित, पण बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नसती, आणि भावासमोर तर मुळीच नाही. त्यांनी गल्ल्याच्या चाव्या काउंटरवर ठेवल्या, उठले, आणि बाजूला झाले.

खुर्ची रिकामी. बाजाराचा दिवस. एक बाई रिचार्जचे पैसे हातात धरून उभी होती, तिच्या मागे दोघं कव्हरं घेऊन. दोन्ही भाऊ खुर्चीकडे पाहत होते आणि दोघांपैकी कोणीही तिच्याकडे जाऊ शकत नव्हता. माझ्या कुठल्याच यादीत पुढचं लिहिलेलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली, बसले आणि त्या बाईला नंबर विचारला.

रांग संपल्यावर काकांनी आपला फोन पुढे सरकवला. मी सेटिंग उघडलं, नेव्हिगेशनमध्ये गेले, तीन बटणांच्या खुणेवर बोट ठेवलं. बटणं खाली येऊन उभी राहिली. काकांनी मधलं दाबून पाहिलं, मग कडेचं, मग पुन्हा मधलं.

"हे त्याच दिवशी काहून नाई केलं, बाई?"

"शर्त लागली होती ना, काका."

त्यांनी मान हलवली, जणू ते कारण पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्ल्यावरच होते. भाऊजींची पेटी टेबलावर भरलेलीच होती आणि ते तिच्यासमोर बसले होते. गाळ्यात जाईन असा शब्द दिलेला, पण शर्त जिंकलं कोणीच नव्हतं; पेटी उघडायची की उचलायची, ते ठरत नव्हतं. हे आले, सवयीनं काउंटरची फळी उचलली, मला बघितलं आणि फळी खाली ठेवली. जरा वेळ दारात उभे राहिले. मग काकांचं कालचं स्टूल ओढून टेबलापाशी नेलं. भाऊजींनी वर पाहिलं नाही. पेटी उघडली, चिमटा बाहेर ठेवला, आणि दिव्याची मान थोडी ह्यांच्या बाजूला वळवली.

बऱ्याच वेळानं भाऊजींचा आवाज आला. "दादा, त्या गोट्याच्याबी आधी असंल का कोनी?"

"असंल. लाव बरं, पाहू."

मी दोघांनाही म्हटलं, आधी काच फुटलेले फोन हातावेगळे करा. दुपारी घरी गेले तेव्हा जाऊ सासूबाईंची वेणी घालत होती. गॅसच्या कागदांचं तिनं पुन्हा विचारलं नाही. मी डब्याखालचा कागद काढला आणि चुलीत टाकला.