झरोक्यातलं बोचकं

थंडी आत शिरू नये म्हणून एका संस्थेची माणसं चिकलठाण्यातल्या गरिबांच्या पत्र्याच्या घरांना आतून थर्माकोल ठोकून देत होती. शेवटचा गठ्ठा सारजाबाईनं धरला, अन् दुसरं टोक शेजारच्या वहिदानं. दोघी नळापाशी चिखलात लोळल्या. सारजाबाईचे दात मोजकेच, पण वहिदाच्या मनगटात पार रुतले. रक्त आलं, तेव्हा कुठं गठ्ठा सुटला.

"कुत्री है क्या अम्मा तू?"

"व्हय! माझ्या घरात बाळंतीण हाय. तुझ्या घरात काय हाय?"

सून दीपमाला, माहेर नसलेली. म्हणून बाळंतपण सासूकडंच होतं.

थर्माकोल बसला, दाराला रबरी पट्टी लागली. जाताना माणूस बजावून गेला, "आजी, वरचा झरोका उघडा ठेवा." सारजाबाईनं मान डोलावली अन् त्याची पाठ वळताच झरोक्यात जुन्या लुगड्याचं बोचकं कोंबलं. फुकटची थंडी घरात घ्यायला ती काय खुळी होती!

सकाळी तिनं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातलं, खाटेखाली कोळशाची शेगडी सरकवली, वर ओवा टाकला अन् पाण्याला गेली. सुनेनं आतून कडी लावली.

परत आली तर घर चिडीचूप.

"दीपे! अगं दीपे!"

सारजाबाईनं भरला हंडा दारावर हाणला. मग खांदा हाणला, मग कपाळ.

"नवा घर फोडती क्या?" वहिदा ओरडली.

"शेगडी आत हाय गं! झरोका मीच बुजवलाय!"

वहिदा पहार घेऊनच धावली. पहिल्या घावात दाराशेजारचा पत्रा फाटला, दुसऱ्यात थर्माकोल. सारजाबाईनं फटीत हात घालून पत्रा ओरबाडला. तळवा चिरला, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. कडी निघाली. दोघींनी दीपमालाला फरफटत अन् बाळाला उचलून अंगणात आणलं. वहिदानं तिच्या अशा थोबाडीत वाजवल्या, की सासूवरचा रागही त्यातच निघाला असावा. सारजाबाईनं बाळाचे तळवे बदडले. निपचित. पुन्हा बदडले.

बाळ किंचाळलं. दीपमाला भडाभडा ओकली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोघं वाचली.

बाळ-बाळंतीण घरी यायच्या आधी मुलगा कडुबा भगदाडावर पत्रा ठोकायला चढला. वाऱ्यानं कुडकुडत त्यानं उघडा झरोकाही बुजवायला हात नेला. सारजाबाईनं पहार उचलली.

"भगदाड बुजव. झरोक्याला हात लावलास तर नडगी फोडीन!"

शेगडी आता दाराबाहेर होती. तिच्याजवळ सुजलं मनगट शेकत वहिदा बसली होती.

"मार नक्को अम्मा," ती म्हणाली, "सीधा चाव."